तीन बोटांची लेव्हल

माझ्या भावाचं तोंड आता जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडतं. तंबाखूच्या खर्ऱ्यानं खाल्लं त्याला. ज्वारीची आंबील वाटीला ओठ लावून ओढतो, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. एवढं होऊन खर्रा सुटला का? नाव नको! चिमटीनं गालात सरकवतो अजून.

वहिनी गेली तेव्हापासून मी त्याच्याच घरी राहते, आदिलाबादला. सकाळी बसनं इंद्रवेल्लीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाते. भावाची पोरगी दहावीत. तिचं तोंड वाचवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं. दप्तर उलटंपालटं करून बघायची मी. पानठेला आला की तिचा हात धरायची. ती चिडायची, "आत्या, मी काय लहान पोरगी हाओ का?"

त्यातच हैदराबादहून एक मुलगी शाळेत आली. मुलांना चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून मोबाइलवरचा गेम बनवत होती. हात धुवा, दात घासा, पालेभाजी खा. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे आधी खर्रा घे. तिला खर्रा माहीतच नव्हता. तिनं काढलेलं चित्र चॉकलेटच्या वडीसारखं! मग मी तिला घरी आणलं. भावाच्या पोरीनं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकला आणि पाटीवर ठेवून तळहातानं असा सर्रसर्र घोटला की पाहुणी बघतच राहिली. तिनं व्हिडिओ काढून घेतला. बापाला रोज पोरगीच घोटून द्यायची. त्यावरून मी भांडलेही होते. "मी खातो, ते थोडीच खाते?" भाऊ म्हणाला. मलाही ते पटलं.

गेम झाला. त्यातल्या मुलानं खर्रा खाल्ला की त्याचं तोंड आवळत जातं, पालक-मेथी खाल्ली की परत उघडतं. हे उघडणं मीच घालायला लावलं, लेकरं हिरमुसू नयेत म्हणून. खरं तर आवळलेलं तोंड भाजीपाल्यानं सुटत नाही, हे डॉक्टर भावाला सांगत होते तेव्हा मी शेजारीच बसले होते. शेवटच्या लेव्हलला गेम थांबतो आणि विचारतो, तुझी तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का? हो की नाही? वर्गात सगळ्यांनी बोटं घातली, लाळ पुसत खिदळले. घरी माझ्या मोबाइलवर खेळताना पोरगी मात्र बोटं न घालताच 'हो' दाबायची. घाई असेल, असं मला वाटायचं.

एका रविवारी जेवताना तिनं ठेचा बाजूला सारला. ठेच्याशिवाय भाकर न खाणारी पोरगी!

"माझ्यासमोर घाल बोटं," मी म्हटलं.

"जाऊ दे ना आत्या."

"घाल म्हणते ना!"

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. तिनं जोर लावला, तसा ओठाचा कोपरा पांढरा पडला.

"कोणत्या ठेल्यावर खाल्ला? बोल!" माझं डोकंच फिरलं होतं.

"ठेल्यावर नाही. घोटताना चव पाहा लागते ना. चुना जास्त झाला तं बाबाचं तोंड पोळते."

रोज एक चिमूट, बापाला लागू नये म्हणून. आग लागो माझ्या त्या शिक्षणाला! मी बाहेरचे ठेले राखत बसले आणि हे माझ्या डोळ्यांदेखत, घरात चाललं होतं. मला रडूच फुटलं.

ती माझ्याकडे बघत होती. "गेममंदी पालक खाल्ला का तोंड उघडते. माह्यं बी उघडन ना, आत्या?"

तेवढ्यात बाहेरच्या खाटेवरून भावाचा दातांतल्या दातांत अडकलेला आवाज आला, "पोरी, घोटला का वो?"

ती सवयीनं उठली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोड ना आत्या," ती म्हणाली. "बाबा ओरडन."