दुसरी किल्ली

माझ्या नणंदेला अर्धं शहर 'सुईवाली ताई' म्हणतं. उरलेल्या अर्ध्यावर अजून रक्त तपासायची पाळी आलेली नाही, एवढंच. ताई एका लॅबमध्ये कामाला आहेत. भल्या सकाळी घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांचं रक्त काढून आणायचं, हे त्यांचं काम. उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसं किती चिडतात ते मला विचारा, माझे सासरे होते घरात. पण दारात ताई दिसल्या की तीच माणसं बाही वर करून तयार. कारण ताई कधी फसवून टोचत नाहीत. बाकीचे 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं' म्हणत बोलता बोलता सुई खुपसतात. ताई सरळ सांगतात, "आता टोचतेय हं. थोडं दुखेल. हलू नका." आणि मगच टोचतात.

लहानपणी पोलिओ झाला आणि ताईंच्या पायांतलं बळ गेलं ते गेलंच. काखेत दोन कुबड्या. गाडी मात्र त्यांची खास, हातानं चालणारी. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी, पुढे ढकलली की ब्रेक, खाली दाबली की वेग. अंगणातून गाडीपर्यंत जायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी भांडी घासून होतात, पण एकदा आत बसल्या की बघायलाच नको. "खाली उतरले की मी कुबडीवाली. आत बसले की नुसती ड्रायव्हर," असं म्हणायच्या आणि मला डोळा मारायच्या.

परत येताना फाटक उघडायला उतरणं त्यांना जमायचं नाही, म्हणून वळणावरूनच दोन हॉर्न. नेमकं तेव्हा माझं दूध गॅसवर असायचं. मी धुसफुसत बाहेर. "अहो ताई, मी काय दरवान आहे?"

"छे गं, दरवान वेळेवर येतो."

मला त्या फौजदार म्हणतात. माझा आवाज जरा मोठा आहे, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. 'हे' म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा. घराला आग लागली तरी 'बघू' म्हणणारा माणूस. मग घरात कुणीतरी ओरडायला नको का?

तर एका सकाळी सिग्नल तोडून आलेल्या टेम्पोनं ताईंच्या गाडीला डाव्या बाजूनं धडक दिली आणि गाडी जाऊन दिव्याच्या खांबावर आपटली. ताईंच्या कपाळाला चार टाके आणि खांद्याला मुका मार, यावर निभावलं. गाडीचं मात्र तोंड ओळखू येईना. टेम्पोवाला पसार झाला, त्याचा नंबर कुणी घेतला नाही. राहता राहिली आपली विमा कंपनी.

कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. गाडीभोवती फिरला, वाकून वाकून फोटो काढले, दांडीचाही काढला. मग मिस्त्रीशी काहीतरी बोलून मला म्हणाला, "मॅडम, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय. टोटल लॉस दाखवावा लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी दुरुस्त करायची नाही. गाडीची आजची किंमत कंपनी तुम्हाला देणार आणि हे भंगार कंपनी नेणार."

भंगार म्हणे! ज्या गाडीतून माझ्या नणंदेनं कितीतरी वर्षं जगाच्या आधी सकाळ बघितली, तिला हा परका माणूस माझ्या तोंडावर भंगार म्हणतो. मी त्याला दोन शब्द सुनावले. तो बिचारा खाली बघून फॉर्म भरत राहिला. रोज कुणीतरी सुनावत असणार.

घरी येऊन ताईंना सांगितलं. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "बरं." आणि पेपर वाचायला लागल्या.

मग माझी आणि कंपनीची लढाई सुरू झाली. फोन लावला की आधी वाजंत्री. मग एक मुलगी गोड आवाजात सांगणार, आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल की बाई! दर वेळी माणूस नवा, दर वेळी पहिल्यापासून रामायण. कुणी लायसन्स मागितलं, कुणी पोलिसांचा पंचनामा. हाताच्या दांडीचे पैसे धरलेच नव्हते, तेही भांडून धरायला लावले. मी हॉलमध्ये उभी राहून भांडायची आणि ताई आतल्या खोलीत कॉटवर बसून ऐकायच्या. मला वाटायचं, बघा म्हणावं, तुमची फौजदार कशी लढतेय.

शेवटी सगळे कागद पोचले आणि एकच गोष्ट उरली. गाडीच्या दोन्ही किल्ल्या. गाडी आता कंपनीची होणार, तर एक किल्ली तुमच्याकडे कशी ठेवणार? दोन्ही किल्ल्या जमा केल्याशिवाय एक पैसा निघायचा नाही. एक किल्ली गॅरेजमध्ये होतीच.

"ताई, दुसरी किल्ली कुठंय?"

"कुणास ठाऊक. हरवली असेल."

आता माझ्या घरात हरवली म्हणजे काय? मी कपाटं उपसली. गाद्या उलथ्या केल्या. डाळी-तांदळाच्या डब्यांत हात घालून बघितलं. ह्यांच्या हिवाळी कोटाच्या खिशात आमच्या लग्नाआधीचं सिनेमाचं तिकीट सापडलं, त्यावरून वेगळंच भांडण झालं. किल्ली काही सापडली नाही. ताई जागेवरून म्हणायच्या, "जाऊ दे गं, कशाला जीव काढतेस?"

इकडे पेशंटांचे फोन. लॅबनं बदलीला कुणीतरी पाठवला होता, त्याचा हात जड. एक आजी तर फोनवर रडायलाच लागल्या, "दोन्ही हात काळेनिळे झालेत गं. सुईवाली ताई कधी येणार?" ताई म्हणायच्या, "बघू." बहीण कुणाची!

मग लॅबचे साहेब स्वतः घरी आले. माणूस चांगला. म्हणाले, "ताई, रोजची टॅक्सी मला परवडायची नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो. तोवर गाडी झाली तर तुमचं काम तुमचंच. नाहीतर ते दुसऱ्याला देतो आणि तुम्ही आत खिडकीशी बसून पावत्या फाडा. पगार थोडा कमी, पण दगदग नाही."

मी उसळून काही बोलणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "खिडकीशी बसते की. त्यात काय वाईट आहे?"

ही बाई खिडकीशी बसणार? जी दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसत नाही, कुबड्या टेकत व्हरांडाभर फिरते, ती?

दोन दिवसांनी साहेबांचा निरोप आला, नमुने ठेवायचा डबा पाठवून द्या, बदलीच्या माणसाला लागतोय. निळा, झाकणाचा, पट्टा लावलेला डबा. अपघातातून तेवढा धड राहिला होता आणि ताईंच्या कॉटखाली होता. ताई आंघोळीला गेल्या होत्या. म्हटलं, असा मळका कशाला पाठवायचा, पुसून द्यावा. आतली बर्फाची पाकिटं काढली, कापसाचा गुंडा काढला आणि त्यातून खळकन किल्ली फरशीवर पडली.

खरं सांगते, आधी राग आला. मी इथं कंपनीशी घसा फोडतेय, डाळीच्या डब्यांत हात घालतेय आणि ही बाई किल्लीवर बसून मजा बघतेय! ताई केस पुसत बाहेर आल्या. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

ताईंनी किल्लीकडे बघितलं. मग हळूच कॉटवर बसल्या, कुबड्या भिंतीला लावल्या.

"ओरड आता," म्हणाल्या.

"ओरडणारच आहे! मला वेड्यात काढलंत? अहो, साधं सांगायचं तरी!"

"काय सांगू? तू फोनवर भांडायचीस ना, तेव्हा मी आत बसून म्हणायचे, त्यांनी आणखी थोडं लांबवावं. किल्ली दिली की पैसे येणार. पैसे आले की तू लगेच गाडी आणणार. आणि गाडी आली की मला तिच्यात बसावं लागणार."

माझा किल्ली धरलेला हात खाली आला.

"धडकेचं काही नाही गं. धडक काय, एका क्षणात झाली. नंतर पेट्रोलचा वास यायला लागला. लोक जमले. सगळे ओरडत होते, उतरा, बाई, उतरा, पेट घेईल. आणि कुबड्या मागच्या सीटखाली जाऊन अडकलेल्या. माझा हात पोचेना." ताईंनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "मला फक्त ओरडून सांगायचं होतं, की मला चालता येत नाही, मला उचला. तेवढं तोंडातून निघेना. लाज वाटली गं. मरायची वेळ आली आणि मला लाज वाटली. शेवटी एका दूधवाल्याला मागे कुबड्या दिसल्या, त्यानं उचलून काढलं."

मला रडू आलं. मी तशी रडत नाही, पण आलं. इतके दिवस मी त्यांच्या कपाळाचे टाके बघत होते आणि बाई आतून अशी गाडीतच अडकून पडली होती. आणि मी वेडी हॉलमध्ये उभी राहून शौर्य दाखवत होते. त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग सवयीनं तोंडातून भांडणच निघालं.

"भीती वाटते तर वाटू दे ना. घाबरा की. पण तुम्ही घाबरलात म्हणून मी त्या कंपनीला पैसे सोडू? ती वाजंत्री मी फुकट ऐकलीय?"

ताई हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. किल्ली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "मी देते. माझी मी देते."

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं दोघी गॅरेजमध्ये गेलो. कंपनीचा माणूस आला होता. ताईंनी दोन्ही किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या, सही केली आणि मग त्या मोडक्या गाडीचं मागचं दार उघडायला लावलं. सीटखालच्या फटीकडे बराच वेळ बघितलं. मिस्त्रीला म्हणाल्या, "नव्या गाडीत कुबड्या मागे नकोत. माझ्या हाताशी पाहिजेत."

"दाराला पट्टे लावून देतो," मिस्त्री म्हणाला. "एका हातानं सोडता येतील असे."

पैसे आले. नवी म्हणजे जुनीच, पण चांगली गाडी घेतली. हाताची दांडी बसली, पट्टे बसले. आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. ताई रोज संध्याकाळी आत जाऊन बसायच्या. पट्टा सोडायच्या, कुबडी काढायच्या, परत लावायच्या. सोडायच्या, लावायच्या. गाडी चालू करायच्या नाहीत. मी शेजारच्या सीटवर शेंगा सोलत बसायची. महिनाअखेर जवळ येत होती आणि माझ्या जिभेवर शंभर वाक्यं होती, पण मी एकही बोलले नाही. फौजदाराला हे केवढं जड गेलं असेल ते तुम्हीच समजा.

एकदा पट्ट्याशी खेळता खेळता ताईंचा हात थांबला. "फौजदार, उतर."

"का?"

"तू शेजारी असलीस की मला वाटतं, ही उचलेल. एकटी गेले तरच खरं."

आता इतके दिवस मी काय मागत होते? हेच ना? पण मी शेंगा सोलतच राहिले. "ताई, उद्या गेलं तर? आज रहदारी फार आहे," असं मीच म्हणाले. मी! ताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी शेंगांचं ताट उचलून उतरले.

दार लावून घेतलं. काच खाली होती. ताईंनी दांडीवर हात ठेवला. आणि अगदी हळू, जसं त्या उपाशी म्हाताऱ्यांना सांगतात तसंच, स्वतःला सांगितलं, "आता टोचतेय हं. थोडं दुखेल. हलू नको."

गाडी चालू झाली. मी पळत जाऊन फाटक उघडलं. गाडी बाहेर पडली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली.

मी फाटक धरून उभी राहिले. आतून ह्यांनी हाक मारली, "अगं, दूध उतू जातंय!" म्हटलं, जाऊ दे. तुम्ही बंद करा, हात आहेत ना? हे गॅस बंद करून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. 'बघू' सुद्धा म्हणाले नाहीत. वळणावरून एक सायकल आली, एक ट्रक गेला. फाटकाचा गज तळहातात रुतायला लागला तरी सोडवेना.

मग हॉर्न वाजला. दोनदा.

ताईंनी गाडी फाटकाशी आणली, काचेतून मला बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, आज दरवान वेळेवर?"

"किती वेळ लावलात!" मी ओरडले. "जीव गेला इथं आमचा! दूध गेलं ते वेगळंच!"