आजोबांची तोफ

आमचे आजोबा नेव्हीत ऑफिसर होते आणि युद्धात जहाजासकट गेले. बाबा तेव्हा आठ महिन्यांचे. आजोबा शेवटपर्यंत तोफेवर उभे होते, हे बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की ती तोफ मला अगदी दिसायची. दिल्लीत आर. के. पुरमच्या शाळेत दरवर्षी असेंब्लीत मी हे सांगायचे, हातवारे वगैरे करून, आणि बाबा ऑफिसमधून हाफ डे घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. टाळ्या सगळ्यात आधी त्यांच्याच.

यंदा जहाजावरच्या लोकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं नोएडाला गेट-टुगेदर होतं, जहाज बुडालं त्याच तारखेला. मी स्वतःहून म्हटलं, मी बोलते. चार पानं लिहिली, मेट्रोत उभ्याउभ्या पाठ केली. यार, मी इतकी खूश होते! आजोबांना खरंच पाहिलेली माणसं तिथे असणार होती.

निघण्याआधी बाबांनी नेहमीसारखा थर्मास भरला. आमच्याकडे त्या दिवशी फोटोसमोर हार नसतो, चहाचा थर्मास असतो, आणि संध्याकाळी तोच चहा सगळ्यांनी प्यायचा. आजी होती तेव्हापासूनचं आहे हे. का, ते मी कधी विचारलंच नाही. आवडत असेल आजोबांना चहा, बस.

हॉलमध्ये समोसे चालू होते. एक म्हातारे काका आमच्याजवळ येऊन बसले. जहाजावर कुक होते, वाचलेल्यांपैकी. मी कोणाची नात ते कळल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लगेच म्हटलं, आजोबांच्या तोफेबद्दल सांगा ना. ते गोंधळले.

"तोप? बेटा, साहब तो सप्लाय के थे. राशन, रसोई, सब उनका."

मग हिंदीतच सांगत गेले. लढाईत कोणी आपली जागा सोडून जेवायला येऊ शकत नाही, म्हणून खाणं-चहा जागेवर पोचवायचं. त्या दिवशी माणसं कमी पडली, तर साहेबांनी पुऱ्या घेऊन ह्यांना वर पाठवलं आणि चहाचा डबा उचलून स्वतः खाली इंजिनवाल्यांकडे गेले. वरचे काही वाचले. खालचं कोणीच आलं नाही.

चहा.

मी बाबांकडे वळले. बाबा प्लेटमधल्या समोशाकडे बघत होते.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. चार पानं हातातच होती. स्टेजवर गेले, पानं घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हटलं की आजोबांबद्दल मला आत्ताच कळलंय, तर ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडूनच ऐकू या. माइक काकांना नेऊन दिला. ते बोलले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही. मला ते अजिबात बघवलं नाही.

परत येताना मेट्रोत म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

मग हळूहळू आलं सगळं. आजीला एका वाचलेल्या माणसाचं पत्र आलं होतं, थर्मास तेव्हापासूनचा. आणि शाळेत मुलं बाबांना 'बावर्ची का बेटा' म्हणायची, म्हणून चौथीत त्यांनी तोफ आणली. ती राहूनच गेली.

"पण मला कशाला? मी चिडवणार होते का तुम्हाला?"

"तू इतकी छान सांगायचीस," बाबा म्हणाले.

म्हणजे दरवर्षी मी सगळ्या शाळेसमोर खोटं बोलायचे, आणि ते माहीत असलेला एकच माणूस पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा. राशनचं मला काहीच वाटत नाही हो. लढाई चालू असताना चहा घेऊन खाली उतरणारा माणूस माझा आजोबा होता, आणि माझ्याच बाबांनी तो मला मिळू दिला नाही.

घरी आल्यावर बाबांनी थर्मास उघडला, कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला. तो मी तसाच ठेवला. दुसरा कप घेतला, थर्मासमधून स्वतः ओतला, आणि फोटोसमोर उभी राहून प्यायले. कोमट झाला होता.