लव्हाळा लावणारा

मोजणी खात्यातला तो कारकून रोज सकाळी सायकलला ओलं पोतं बांधून आमच्या मळ्याखाली, सीनेच्या काठावर यायचा. पोत्यात लव्हाळ्याची मुळं असायची. आमचा जन्म रानातला लव्हाळा उपटण्यात गेला, आणि हा गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पावलं मोजत तो लावायचा!

"सायेब, जागा धरताय व्हय?" मी विचारलं.

"इथं पूर्वी पाणथळ होती. पुन्हा होईल हळूहळू."

कसं पटावं? मी दोनदा सगळं उपटलं. त्याने दोन्ही वेळा पुन्हा लावलं.

बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली. फक्त त्याच्या लव्हाळ्यात खणलेल्या झिऱ्याला पाणी लागलं. पहिली घागर त्याने माझ्या बायकोला भरून दिली. मी पोटभर प्यायलो, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलंय का, ते बघायला थेट तलाठ्याकडे गेलो.