मंडईत सरपंचबाई बोलल्या

दिवाळी झाली की आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गोरेगाव तालुक्यातलं लहानसं गाव, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी पुण्याला नोकरी करतो, पण मंडईला शक्यतो चुकत नाही. दुपारी शाळेपुढच्या मैदानात दंडार होते. ढोलकीवर नाच, गाणी आणि मधे सोंगं. बायकांची कामंही पुरुषच करतात.

त्या वर्षी पानठेल्यावर एकच विषय होता. दंडारीत राणी होणारा गडी पुण्याला कंपनीत लागला होता. "शहर माणसं खाऊन राहिलं," असं एक जण म्हणाला. दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "यालेच इचारा, तिकडं शेजारी तरी वळखतो का?" मी हसलो.

दंडारीत राजा म्हणजे माझे काका. जुन्या काळी राणी व्हायचे ते आमचे शेजारी. पण दोघांचं बोलणं बंद होतं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा माझी काकू उभी राहिली आणि शेजाऱ्यांची बायकोही. काकू हरली. तेव्हापासून अंगण एक असूनही दोन्ही घरं तोंड फिरवून राहत. तशा सरपंच शेजारीणबाई होत्या, पण पंचायतीतल्या त्यांच्या खुर्चीवर नवराच बसायचा. त्या डोक्यावर पदर घेऊन सही करायच्या, एवढंच.

राणीशिवाय दंडार होईना. शेवटी म्हाताऱ्या मंडळींनी शेजाऱ्यांना लुगडं नेसवलंच.

सगळं गाव गोळा झालं. पन्नाशीचा गडी, मिशा काढलेला, ठुमकत आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. दोन गाणी झाली. मग ठरलेलं बोलणं सोडून राणीनं एकदम विचारलं, "महाराज, राज्य गेलं तं गेलं. माह्यासंगं बोलनं कायले सोडलं?"

हशा पिकला. काका गडबडले. मग तलवार टेकवून म्हणाले, "रानी, टोलीतली बोरिंग बिघडून पडली. पोरीबाळी बांधीतून पानी आणून राह्यल्या. हे तुह्या राज्यात चालते का?"

ढोलकी थांबली. टोलीतली, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, माणसं मागे उभी होती, ती पुढे सरकली. राणी पदराशी चाळा करू लागली. लुगड्यातला तो माणूस आता सोंगात नव्हता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सरपंचबाई उठल्या. आधी मला वाटलं, घरी निघाल्या. त्या सरळ मधे आल्या.

"भाऊजी, हे सोंगात कायले इचारता? घरी या, चहा घ्या, मले इचारा. सरपंच मी हावो. बोरिंग दुरुस्त करून देईन." मग नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमी. उद्यापासून माह्या खुर्चीवर बसू नोका."

त्या बाईचा आवाज मी लहानपणापासून शेजारी राहून कधी नीट ऐकला नव्हता. तो जाड होता, न थरथरणारा, आणि माईकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या बैठकीत शिकलेले लोक मान खाली घालून मोबाइल बघत बसतात. इथं एका बाईनं भर गावात, नवऱ्यासमोर, आपलं पद आपल्या हातात घेतलं होतं.

पहिली टाळी माझ्या काकूची होती. जी हरली होती, तिची. मग टोलीतल्या बाया, मग सगळेच. शेजारी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत उभे होते. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "चाल, नाच तं पुरा करू," असं म्हणाले. ढोलकी पुन्हा सुरू झाली आणि दोघं नाचले, जरा बेतालच.

मी पुण्याला परतायच्या आत बोरिंगवाला मिस्त्री टोलीत आला. सरपंचबाई त्याच्यासोबत स्वतः गेल्या, आणि काकूला हाक मारून घेऊन गेल्या. पानठेल्यावर वाद चालूच होता. एक म्हणे बाईनं नवऱ्याची इज्जत घालवली, दुसरा म्हणे वाढवली. मी लांबून पाहत होतो. टोलीच्या वाटेवर धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून दोघी हातवारे करत, मोठमोठ्यानं भांडत निघाल्या होत्या, पुढची बोरिंग कुठं पाडायची यावरून.