दोनदा वाजलेली बेल

माणूस कसा कटवावा, ते केरबाकडून शिकावं! शाहूपुरीतल्या एका दूध संस्थेत, ब्याण्णव सालापासून बारा वर्षं, तो चेअरमनच्या दाराशी शिपाई होता. तेही टेंपरवारी. चेअरमन म्हणजे अण्णा. टेबलावरची बेल अण्णांनी एकदा वाजवली की चहा न्यायचा. दोनदा वाजवली की आत बसलेल्याला गोड बोलून वाटेला लावायचं.

अण्णांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. "बघतो की!" म्हणायचे आणि बोट बेलवर. वाईटपणा सगळा केरबाच्या पदरात. अण्णांना एखाद्याला भेटायचंच नसलं, तर केरबा दारातल्या त्यांच्या चपला पटकन बाकाखाली सारायचा अन् तोंडभर हसून सांगायचा, "अण्णा कागलला गेल्यात पावणं. सोमवारी या." मलकापूरची अंबूबाई लेकाच्या नोकरीसाठी असल्या किती सोमवारी आली, देव जाणे. शेवटी एकदा तिनं वाकून त्या चपला बघितल्या. "तुजं तरी पोट भरू दे बाबा," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी केरबाला भाकरी गोड लागली नाही. पण करतो काय? यंदा तुला कायम करतो, असा अण्णांचा शब्द होता. हे 'यंदा' दरसाल यायचं.

दोन हजार चारला टेंपरवारी माणसं कमी करायची यादी लागली. त्यात केरबाचं नाव. त्या दिवशीही दोघांना कागल सांगून झालं होतं. मग तो आत गेला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा अण्णांसमोरच्या खुर्चीत बसला.

"अण्णा, कायम करतो म्हणाला होतासा की. आता पन्नाशीत मी कुटं जाऊ?"

अण्णा गोड हसले. "बघतो की, केरबा."

आणि बेल वाजली. दोनदा.

हाताची सवय म्हणावी, का निबरपणा? बाहेर ती ऐकायला होतं कोण? केरबाचा बाक रिकामा होता. अण्णांच्याही ते ध्यानात आलं, पण मान खाली घालून ते कागद चाळत बसले.

केरबाला असा राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. तरी तो उठला. "चला पावणं," स्वतःलाच म्हणाला, "अण्णास्नी मीटिंग हाय."

बाहेर येऊन त्यानं बाकाखालच्या चपला काढल्या, दारासमोर मधोमध मांडल्या आणि घरी गेला.