शेजारच्या शाळेतली पोरं

गणपतीचे कारखाने रंगाला लागले की पेणच्या गल्ल्यांतून ओल्या रंगाचा वास येतो आणि मला त्या वर्षीची एक दुपार आठवते. आमच्या शाळेचा पट घसरला होता, म्हणजे मी अतिरिक्त शिक्षक ठरणार आणि सरकार पाठवेल तिथे जाणार. तेव्हा मी एका कारखान्यात गेलो आणि मूर्ती घासत बसलेल्या एका आईला म्हणालो, "दोन्ही पोरं आमच्याकडे घाला, रिक्षाचं मी बघतो." तिची पोरं शेजारच्या गावच्या शाळेत होती. ती आमच्याकडे आली, माझी जागा वाचली आणि तिथल्या बाई अतिरिक्त ठरल्या. त्यांना रोह्याच्या पलीकडे डोंगरातली शाळा मिळाली. अतिरिक्त शिक्षकांच्या अशा बदल्यांविरुद्ध आमच्या संघटनेने पंचायत समितीसमोर धरणं धरलं, तेव्हा "समायोजन रद्द करा" म्हणून सगळ्यांत जास्त मीच ओरडत होतो. माझा घसा बसला तशी शेजारी बसलेल्या त्याच बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी घटाघटा प्यायलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "सर, पोरं रमली का तुमच्याकडं? धाकटा वाचताना अडखळतो. त्याला ओरडू नका, मग तो बोलतच नाय." तेवढ्यात पुढून घोषणा आली आणि सगळ्यांचे हात वर गेले, माझ्या हातात त्यांची बाटली होती. तो धाकटा आता त्याच कारखान्यात रंगकाम करतो. मला बघितलं की ब्रश ठेवून उठतो आणि दर वर्षी विचारतो, "सर, आमच्या बाई कुठं हायत आता?"