कडी बाहेरून

आमच्या घराला आधी गेट होतं, पण ते नावापुरतं. कंबरेएवढं, दोन झडपांचं, बकऱ्या आणि कुत्री आत येऊ नयेत म्हणून बसवलेलं. त्याची कडी वाऱ्यानंही निघायची. कधी काही अडलं नाही, कारण आमच्या घरातून कुणाला पळून जायचं नव्हतं.

मग माझे यजमान बाहेर पडायला लागले. नोकरीभर ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फॅब्रिकेशनचे फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. विसरणं चष्म्यापासून सुरू झालं, मग गल्लीपर्यंत गेलं, मग माणसांपर्यंत आलं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मी मान हलवली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि परत येताना औरंगपुऱ्यात उतरून भाजी घेतली. त्या दिवशी मी रडायला हवं होतं, असं माझ्या बहिणीचं मत आहे. मला गवार कोवळी मिळाली एवढंच आठवतं.

पहिल्यांदा ते मुकुंदवाडी स्टेशनवर सापडले. पहिल्या पाळीला जायचंय म्हणून बाकावर गाडीची वाट बघत बसले होते. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. दुसऱ्यांदा जालना रोडच्या दुभाजकावर उभे, एका हातानं ट्रकवाल्यांना थांबायची खूण करत. दोन्ही वेळा माझा दुपारी डोळा लागला होता. तिसऱ्या वेळी ते एखाद्या गाडीत चढले, किंवा गाडीखाली आले, तर काय, एवढाच प्रश्न उरला होता.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “आई, बाबा कुठे आहेत ते मोबाईलवर दाखवणारं घड्याळ पाठवतो.” आलं घड्याळ. ते यांनी दूधवाल्याला बक्षीस देऊन टाकलं. पुण्यात मुलाच्या मोबाईलवर त्याचे बाबा दिवसभर म्हशींच्या गोठ्यात दिसत होते. त्यानं घाबरून फोन केला, तेव्हा ते माझ्यासमोर बसून पोहे खात होते. मी बऱ्याच दिवसांनी हसले, पण तेही तोंडापुरतंच.

घराचं दार लावून ठेवलं तर ते बडवत बसायचे. अंगणात मोकळे फिरले की शांत राहायचे. म्हणून जुन्या गेटला आतून कुलूप लावून पाहिलं. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस! समोर कुलूप दिसलं की त्यांचे हात चालायला लागायचे. एकदा पान्यानं कडी उखडली, एकदा हॅक्सॉ ब्लेडनं कुलूपच कापलं, आणि कापलेलं कुलूप मला आणून दाखवलं, काम झालं म्हणून. शेवटी मी ठरवलं, उंच गेट करायचं आणि कडीकुलूप बाहेरून ठेवायचं, यांचा हात पोचणार नाही असं.

मुकुंदवाडीच्या रस्त्यावर एक वेल्डिंगचं दुकान आहे. तिथल्या मालकांना सगळी कॉलनी चाचा म्हणते, मीही म्हणते. ते माप घ्यायला आले. मी हळू आवाजात सांगितलं, डोक्याच्या वर जाईल एवढं उंच करा आणि कडी बाहेरून लावा.

“बाहेरून?” चाचा म्हणाले. “चोर तो बाहेर रहता ना ताई, कडी अंदर रहती.”

मी कारण सांगणार होते. पण तेवढ्यात यजमान घरातून आले आणि त्यांनी चाचांच्या हातातलं टेपचं दुसरं टोक धरलं. ज्याच्यासाठी गेट, तोच माप घेत होता. त्यांच्यासमोर काय बोलणार? “मी सांगते तसं करा,” एवढंच म्हणाले.

तिथून पुढं ते काम यांनीच ताब्यात घेतलं. घरात त्यांना संडासचं दार सापडत नव्हतं, पण पाईप बोटानं वाजवून त्यांनी सांगितलं, “ह्यो माल हलका हाय. झोळ खाईल. जाड गेजचा आणा.” चाचांना आधी ही नसती कटकट वाटली असावी. मग यांनी बिजागऱ्या कुठं याव्यात ते खांबावर खडूनं काढून दाखवलं, तेव्हा चाचा त्यांना साहेब म्हणायला लागले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी चहा ठेवला.

“आडव्या पट्ट्या नाय टाकायच्या,” ते चाचांना सांगत होते. “आडव्या पट्टीवर पाय दिऊन कुणीबी चढतंय. उभ्या सळ्या टाका. वर टोकं काढा.”

“हां साहेब.”

“आन् कडीपाशी पत्रा मारा. नायतर सळ्यातून हात घालून माणूस कडी काढतो. लई येळा बघितलंय मी.”

मी खिडकीतून ऐकत होते. ज्या पळवाटा मला सुचल्या नसत्या त्या सगळ्या ते स्वतःच बंद करत चालले होते. थांबवावं असं मनात आलं का? आलं. पण थांबवून मग काय करायचं होतं मी? पुन्हा स्टेशनवर शोधायला जायचं? मी चहात साखर घातली आणि तीन कप बाहेर नेऊन दिले.

गेट हातगाड्यावरून आलं. खांब फोडून बिजागऱ्या बसवल्या, दोन्ही झडपा उभ्या राहिल्या. पाहते तर कडी आतल्या बाजूला. हात सवयीनं चालला, म्हणाले चाचा, हजार गेटं केली, सगळ्यांची कडी आतच. मी म्हणाले, कापा आणि बाहेर लावा.

आता यजमानांच्या कानावर गेलं. “बाहेर कशाला?” त्यांनी विचारलं.

“अहो, आपण दोघं गावाला गेलो की कुलूप बाहेरूनच लावावं लागतं ना,” मी म्हणाले. खोटं इतकं सरळ निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी बराच वेळ गेटकडं पाहिलं. मला वाटलं, कळलं. मग ते म्हणाले, “व्हय, बरोबर हाय. कडी बाहेर, तर पत्रा आतल्या अंगानं मारा, चाचा. कायदा त्योच. पलीकडचा हात कडीला लागला नाय पायजे.”

पलीकडचा हात कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. चाचांनी तोंडावर काळी काच धरली आणि पत्रा जोडायला घेतला. यजमान शेजारी उकिडवे बसून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, जोड कसा बसतो ते बघत होते. झाल्यावर त्यांनी पत्र्यावर मूठ आपटली. हलला नाही. ते खूश झाले.

प्रायमर वाळला, काळा रंग लागला. त्यांनीच नारळ मागितला. हळदीकुंकवाची बोटं उमटवली, नारळ फोडला, शेजारच्या बाईंना खोबरं दिलं. त्या म्हणाल्या, “लई भारी गेट झालंय, काका. आता काळजी नाय.” यजमान म्हणाले, “मजबूत हाय. आता कुणाची आत यायची टाप नाय.”

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा बाहेरून कुलूप लावलं. हात थरथरेल असं वाटलं होतं. हात नीट चालला. ते आत वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते आणि मी नवऱ्याला कोंडत होते, असं मी मनात शब्दांत म्हणूनही पाहिलं. काहीच वाटलं नाही. काहीच वाटत नाही याची मात्र भीती वाटली, पण तीही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत टिकली नाही.

कडी बाहेर म्हणजे मीही अडकणार, हे माझ्या ध्यानात नंतर आलं. त्यावर उपाय काढला. पुढून कुलूप लावायचं, वळसा घालून मागच्या बोळात जायचं, आणि न्हाणीजवळच्या दारानं आत यायचं. ते दार यांच्या ध्यानातच उरलं नव्हतं, त्याची किल्ली माझ्या कमरेला. माझ्याच घरात मी चोरासारखी ये-जा करायला लागले. पण दुपारी झोप लागू लागली. जेवण अंगी लागू लागलं. ते गेट हलवून बघायचे, दाद देत नाही म्हणून समाधानानं मान हलवायचे आणि परत झाडांना पाणी घालायचे. मुलाला मी फोनवर सांगितलं, सगळं ठीक आहे. खरंच ठीक होतं. गेटचं काम गेट करत होतं.

परवा संध्याकाळी मी किराणा घेऊन आले. यजमान गेटाशी उभे होते, आतल्या बाजूनं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पाण्यानं बसवलेले. सळ्यांतून ते माझ्याकडं बघत होते. मी कुलूप हातात घेतलं तसे ते जरा मागं सरले आणि अदबीनं म्हणाले, “ताई, तेवढी कडी काढता का? लई येळ झाला, बाहेर उभा हाय मी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कडी माझ्या बाजूला होती. त्यांच्या हिशेबी कडी जिकडं, तिकडं घर. अंगण, तुळस, आमची दोन खोल्यांची वास्तू, हे सगळं त्यांच्या पाठीमागं होतं आणि ते बाहेर होतं. मी रस्त्यावर उभी होते, म्हणजे घरात होते.

मी कुलूप काढलं. कडी सरकवली. आणि तोंडातून आपोआप निघालं, “या ना. आत या.”

त्यांनी चपला काढल्या. खांबाशी एकाला एक लावून नीट ठेवल्या, आणि उंबरा ओलांडावा तसं जपून पाऊल टाकत अनवाणी रस्त्यावर आले. डांबर अजून तापलेलं होतं. त्यांना पोळलं असणार, पण परक्या घरात माणूस तसं दाखवत नाही.

इकडंतिकडं बघून ते म्हणाले, “आमची मंडळी हाय का आत?” चारचौघांत ते मला मंडळी म्हणत आले आहेत, लग्न झाल्यापासून.

“आहे,” मी म्हणाले. माझ्या हातातली पिशवी कधी खाली गेली मला कळलं नाही. इतके दिवस न आलेलं रडू एकदम आलं आणि मला पदर तोंडात कोंबावा लागला.

माझ्याकडं बघून ते कावरेबावरे झाले. “रडू नका हो ताई,” म्हणाले. “तिला फकस्त सांगा, मी आलोय म्हणून. उगंच जेवायची थांबंल.”